बाटलीतले जिवाणू आणि पेटलेले पाचट

बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसतोडीचे दिवस आले की तोडलेल्या फडांतील पाचट पेटवले जाते. पुढे त्याच रानासाठी जिवाणू खताची बाटली विकत आणली जाते. एक-दोन एकरांवर जगणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हा दुहेरी तोटा परवडणारा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाटलीतील अ‍ॅझोटोबॅक्टर खोटा नव्हे. परंतु हवेतील नत्र स्थिर करण्यास लागणारी शक्ती तो सेंद्रिय कर्बातून मिळवतो. कर्ब नसलेल्या जमिनीत त्याला सोडणे म्हणजे चूल न पेटलेल्या घरी पाहुणे धाडणे होय. कंपोस्ट हे पिकाचे खत, असे आपण समजतो; वस्तुतः ते आधी मातीतील जिवाणू, बुरशी व गांडुळे यांचे अन्न आहे. पिकाला मिळते ते त्यांच्या हातून. एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पहिल्या पावसाचा मृद्गंध ही त्यांतीलच काहींची करणी. चांगल्या मुरलेल्या कंपोस्टलाही तोच वास येतो. आंबूस दुर्गंधी आली, तर ढिगात हवा कमी पडली असे जाणावे.

पाचटात कर्ब फार, नत्र थोडे. ते तसेच गाडले तर कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात, पीक काही काळ पिवळे पडते आणि दोष पाचटाला लागतो. त्यात शेण, हिरवा पाला, भाजीची देठे मिसळून ओलावा राखला की ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. तणांचे बी व रोगजंतू बहुतांशी मरतात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील ही रीत १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. येथील शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानीत, हे मात्र आपण विसरलो.

नीरा डाव्या कालव्याखालील खारावलेल्या रानांत केवळ कंपोस्टने भागणार नाही. तेथे आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा लागेल.

शाळेच्या आवारातील पालापाचोळा यापुढे जाळू नये, असा आमचा आग्रह आहे. मुलांनी सुती कापडाचे दोन तुकडे पुरावेत: एक कंपोस्ट घातलेल्या वाफ्यात, दुसरा उघड्या रानात. दोन महिन्यांनी ते उकरून पालकांना दाखवावेत. ज्याची चाळण अधिक झाली, तेथील माती अधिक जिवंत.