हक्काच्या पैशावर वाटा कोणाचा?

पैठण रस्त्यावर, छत्रपती संभाजीनगरपासून १४ किलोमीटरवर, बिडकीनच्या अलीकडे चितेगाव आहे. एके काळी या गावाची ओळख व्हिडिओकॉनच्या कारखान्याने होत असे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि ज्या घरांतून सकाळी जेवणाचे डबे निघत, तेथे कर्जाच्या हप्त्यांची चर्चा सुरू झाली. अशाच एका घरातील गृहस्थ मागील महिन्यात माझ्याकडे आले. कारखाना सुटल्यावर त्यांनी मालवाहू रिक्षा घेतली होती. हातात कागदांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर संकोच.

“गुरुजी, सही करू का नको, तेवढं सांगा.”

कागद एका ‘तक्रार निवारण’ कंपनीचा होता. प्रारंभी नोंदणीपोटी २,००० रुपये द्यावयाचे आणि पैसे परत मिळाल्यावर त्यांतील २५ टक्के कंपनीचे, असा करार होता. परत मिळवावयाचे होते ते विम्याचे पैसे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ३ लाख रुपयांचे कर्ज काढले, तेव्हा त्यातून १८,६०० रुपये विम्याचा एकरकमी हप्ता म्हणून आधीच कापले गेले. “विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही,” असे त्यांना सांगण्यात आले. “नोकरी गेली, आजारी पडलात, तर तुमचा हप्ता विमा भरेल,” हेही सांगण्यात आले. गेल्या पावसाळ्यात ते दोन महिने अंथरुणाला खिळले. विमा कंपनीकडे विचारणा केली, तेव्हा पॉलिसी केवळ मृत्यूसाठी असल्याचे उत्तर मिळाले.

“म्हणजे मी मेलो असतो तर कामी आलं असतं,” असे म्हणून ते हसले. ते हसणे मला अजून विसरता येत नाही.

वाचकहो, माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. त्या कागदावर सही करू नये. १८,६०० रुपयांतून ४,६५० आणि वर नोंदणीचे २,००० मिळून ६,६५० रुपये, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक, एका अर्जाच्या मोबदल्यात द्यावयाचे! शिवाय तो हप्ता कर्जातूनच कापलेला असल्यामुळे त्यावरही व्याज चढते, याचा विचार कोणी करीत नाही. १४ टक्के दराने पाच वर्षांत त्याच १८,६०० चे सुमारे २६,००० होतात. पहिल्याने लुबाडले ते सौजन्याच्या भाषेत. दुसरा तो अन्याय दूर करावयास येतो तोही सौजन्याच्याच भाषेत, आणि भरपाईतून आपला वाटा उचलतो.

ही तक्रार या एका गृहस्थाची नव्हे. कर्जासोबत विमा गळ्यात मारण्याची रीत इतकी बोकाळली आहे, की नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना मुंबईत बँकांच्याच व्यासपीठावर, अशा चुकीच्या विक्रीमुळे ग्राहकाचा कर्जाचा खर्च वाढतो, असे सुनवावे लागले. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्जदाराला त्याला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावयाचे असते, आणि विम्यासारखा त्रयस्थासाठी वसूल केलेला खर्चही त्यातील वार्षिक दरात धरावा लागतो. आमच्या गृहस्थांचे कर्ज त्याआधीचे. त्यांच्या कागदपत्रांत मराठीची एकही ओळ मला आढळली नाही.

सही करू नये असे मी म्हणतो याचे मुख्य कारण असे की, ज्या वाटेवर ही कंपनी टोल घेऊ पाहते ती वाट मुळात विनाशुल्क आहे. प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. एक महिन्यात उत्तर आले नाही, वा आलेले उत्तर मान्य नसेल, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनुसार चालणाऱ्या या यंत्रणेत शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार स्वतः पॉलिसीधारकाने, किंवा त्याच्या वारसाने वा नामनिर्देशित व्यक्तीने करावयाची असते. मग कमिशनवर काम करणारी कंपनी तेथे नेमके काय करते? अर्ज लिहून देते आणि सही तुमचीच घेते! आपला जिल्हा पुणे येथील लोकपालांच्या कक्षेत येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार संगणकावरून पाठविता येते आणि सुनावणी दूरचित्र माध्यमातूनही होऊ शकते, म्हणजे पुण्याच्या खेपाही चुकतात. कर्ज देणाऱ्या बँकेची वर्तणूक हा तक्रारीचा विषय असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तेथेही शुल्क नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

यावर जे म्हटले जाते ते मला ठाऊक आहे. ‘हे सारे शिकलेल्यांना ठीक आहे. ज्याची एका दिवसाची फेरी बुडाली की घरातला बाजार बुडतो, त्याने अर्ज कधी लिहावा, पोच कधी आणावी? काही न मिळण्यापेक्षा तीन हिस्से मिळाले तर काय वाईट?’ हा आक्षेप खोटा नाही. मोठ्या गृहकर्जाचा प्रश्न असेल, घरचा कर्ता माणूस जाऊन दावाच नाकारला गेला असेल, तर मीही चांगल्या वकिलाकडे जा असेच सांगेन आणि त्याची फी रास्त मानेन. मात्र वकील आपले नाव लावून उभा राहतो, त्याच्यावर शिस्तीचे बंधन असते. दूरध्वनीवर गोड बोलणारा मनुष्य कोण, कोठला, हे कोण सांगणार? विमा नियामकाच्या नावाने फोन करून पैसे उकळणारे भामटे तर नियामकाने स्वतः जाहीर इशारे देऊनही थांबलेले नाहीत. पॉलिसीचे मूळ कागद आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक अशा हाती देणे म्हणजे घराची किल्ली देणे होय.

ब्रिटनमध्ये हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला. तेथे कर्जफेडीच्या संरक्षणाचा विमा लक्षावधी ग्राहकांच्या माथी मारण्यात आला. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, हप्त्याच्या ७१.८ टक्के रक्कम कमिशनपोटी गेली आणि ग्राहक स्त्रीला त्याचा पत्ताच नव्हता, असे उघड झाले. बँकांना अब्जावधी पौंड परत करावे लागले. लोकपालाचे दार तेथेही विनामूल्य होते, तरीही दावे चालविणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार अवघ्या साडेचार वर्षांत ३.८ ते ५ अब्ज पौंड या मध्यस्थांच्या खिशात गेले. अखेर २०१८ मध्ये कायदा करून त्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे अशी मर्यादा घालणारा कायदा होण्याची वाट पाहत चितेगावने हात बांधून बसावे काय?

आपल्या वसाहतींतील निवृत्त शिक्षक, कारकून, महाविद्यालयात शिकणारी मुले यांना मला थोडे बोलावयाचे आहे. अर्ज लिहिणे ही आपल्याला अवगत असलेली विद्या आहे. लग्नपत्रिकेच्या मजकुरावर आपण दोन-दोन संध्याकाळी घालवितो. एका रिक्षावाल्याच्या १८,६०० रुपयांसाठी एक संध्याकाळ निघू नये? आपण ती काढत नाही म्हणूनच २५ टक्क्यांचा व्यवसाय चालतो. त्या कंपनीवर रागावण्यापूर्वी आपण स्वतःवर थोडे रागावलेले बरे.

असो. त्या गृहस्थांचा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. विक्रीच्या वेळी काय सांगितले गेले, कोणत्या तारखेला किती रक्कम कापली, काय मागणी आहे, एवढेच दीड पानात मांडले. कर्ज मुदतीपूर्वी फिटले तर उरलेल्या काळाच्या हप्त्याचा काही भाग पुष्कळ पॉलिसींत परत मिळतो, तेही विचारून घेतले. टपालखात्याची पावती त्यांनी पिशवीत जपून ठेवली आहे. महिना अजून भरावयाचा आहे. कंपनीच्या माणसाचा त्यानंतर दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी तो २५ वरून १५ टक्क्यांवर आला होता.