धुंदलवाडीचे हादरे आणि ईयोबाचा प्रश्न

नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात जमीन हलू लागली आणि मग हलतच राहिली. एक मोठा भूकंप होऊन गेला, लोकांनी ढिगारे उपसले आणि पुन्हा घरे बांधायला घेतली, असे इथे घडले नाही. लहान-मोठे धक्के महिनोन्महिने येत राहिले. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरची माणसे ऐन थंडीत अंगणात झोपू लागली. शाळा उघड्यावर भरू लागल्या, सरकारने तंबू ठोकले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी चार रिश्टरच्या थोडा वरचा धक्का बसला तेव्हा घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्यावर भिंत कोसळली नव्हती. घाबरून धावताना ती पडली, डोक्याला मार लागला, आणि संपले.

देव प्रेमळ आहे असे मानणाऱ्या माणसाला या मुलीसमोर उभे राहावे लागते. तलासरीला येशूसंघाच्या ज्ञानमाता सदनाभोवती वारली ख्रिस्ती कुटुंबे आहेत. डहाणूत चर्च ऑफ द ब्रेदरन या मिशनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून शाळा-दवाखाने चालवले. डहाणू रोडच्या त्यांच्या इस्पितळात डॉ. बार्बरा निकी यांच्यासारख्या स्त्रियांनी आयुष्य घालवले. म्हणजे हा प्रश्न या मातीला काही बाहेरून आणून चिकटवलेला नाही. इथे प्रार्थना करणारे लोक आहेत आणि त्यांच्याच पायाखालची जमीन हलत होती.

असे संकट आले की पहिला सूर निघतो तो पापाचा. कोणी म्हणतो देव कोपला, कोणी म्हणतो कुलदैवताला विसरलात, कोणी म्हणतो धर्म बदललात. ख्रिस्ती प्रवचनकारही यात मागे नसतात. हा सूर फार जुना आहे आणि त्याचा इतिहास डहाणूच्या किनाऱ्याला अगदीच परका नाही.

सोळाव्या शतकापासून डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसईबरोबर हा सगळा उत्तर किनारा त्यांच्या हातून गेला. त्यानंतर सोळा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1755 रोजी, खुद्द त्यांची राजधानी लिस्बन कोसळली. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि सकाळच्या मिस्सेला देवळे भरलेली होती. आधी भूकंप झाला, मग समुद्र आत शिरला, मग दिवसेंदिवस आग धुमसत राहिली. हजारो माणसे मेली आणि त्यांतली कित्येक तर प्रार्थना करत असताना मेली. हे जग म्हणजे शक्य असलेल्या जगांतले सर्वांत चांगले जग, असा सिद्धांत लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने 1710 मध्ये मांडला होता. लिस्बननंतर व्होल्तेरने त्या सिद्धांताच्या चिंधड्या उडवल्या. तिकडे गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघी धर्मगुरूने पुस्तिका काढून सांगितले, की हे सारे शहराच्या पापांचे फळ आहे. भूकंपाला नैसर्गिक कारण सांगणाऱ्यांवर तो तुटून पडला. राज्याचा कारभार पाहणाऱ्या पोम्बालने मात्र गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, जमिनीला कुठे भेगा पडल्या, असे त्यातले प्रश्न होते. भूकंपशास्त्राचा उगम शोधणारे अभ्यासक आज त्या प्रश्नावलीकडे बोट दाखवतात. पोम्बाल हा काही संत नव्हता. मालाग्रिदाला पुढे पाखंडी ठरवून 1761 मध्ये ठार करण्यात आले, त्यामागे पोम्बालचेच वैर होते. पण त्या एका बाबतीत त्या कठोर मंत्र्याचे प्रश्न त्या भाविक धर्मगुरूच्या उत्तरापेक्षा ख्रिस्ताच्या अधिक जवळचे होते, असे मला ठामपणे वाटते.

याचे कारण खुद्द शुभवर्तमानात आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चिरडली गेली होती. तो विषय निघाला तेव्हा येशूनेच ऐकणाऱ्यांना विचारले, की ते अठराजण शहरातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असे तुम्हांला वाटते काय. आणि स्वतःच सांगितले, की तसे नाही. पश्चात्तापाचा इशारा त्याने त्याच श्वासात दिला हे खरे, पण तो जिवंत असलेल्या सर्वांना दिला. मेलेल्यांवर ठपका ठेवला नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, की पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय झटकून टाकले. दुःखाचे संपूर्ण स्पष्टीकरण ख्रिस्ती धर्माकडे नाही. पण एक स्पष्टीकरण त्याला निषिद्ध आहे: दुःख भोगणाऱ्याकडे पाहून त्याच्या पापाचा हिशेब मांडणे.

मोठमोठी माणसेही इथे घसरली आहेत. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. हेतू निर्मळ होता. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला आणि तो योग्यच होता. अस्पृश्यतेसाठी देव शिक्षा करणार असेल, तर पडक्या घरांत दबून मेलेल्या गरिबांना आणि दलितांनाच ती का मिळावी?

धुंदलवाडीतही शेवटी उपयोगी पडली ती पोम्बालची वाट. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले. हे धक्के उथळ आहेत, एका जागी गुच्छाने येतात आणि पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरणे हे त्यामागचे एक कारण असावे, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. ख्रिस्ती विचारवंतांतले काहीजण यापुढे एक पायरी जातात. पृथ्वीच्या पोटात उष्णता नसती, खडक सरकले नसते, तर डोंगर, नद्या, माती काहीच झाले नसते, असे ते म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्याचा हा खडक बनला, त्याच्याच झिजेतून सह्याद्रीच्या कुशीतली शेते झाली. हा युक्तिवाद खोटा नाही. पण दोन वर्षांच्या मुलीच्या आईला तो सांगून पाहावा. तिच्यासमोर ज्याला तो उच्चारता येत नाही, त्याने तो व्यासपीठावरून उच्चारतानाही आवाज खाली ठेवावा.

शिवाय भूकंपात दुःखाचा सगळा भार जमिनीवर टाकून चालत नाही. रूसोने 1756 मध्येच व्होल्तेरला लिहिले होते, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे निसर्गाने बांधली नव्हती. इथे मजले नव्हते, गरिबी होती. कारवीच्या कुडाचे घर धक्का सोसते. कच्च्या विटांच्या, सिमेंट राखून बांधलेल्या भिंतीला मात्र चिरा जातात. त्या घरांत कोण राहतो आणि का राहतो, हा प्रश्न विचारला की आपण भूगर्भातून इतिहासात येतो. आणि डहाणू-तलासरीचा इतिहास हा देवाच्या नावावर खपवलेल्या माणसांच्या क्रौर्याचा इतिहास आहे.

सायमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत 1930 च्या दशकाअखेर इथली वेठबिगारी सरकारी कागदावर आली. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. असा माणूस लग्नगडी. त्याची बायकोही त्याच्यासोबत राबायची आणि मालकाच्या वाटेल त्या वागणुकीला सामोरी जायची. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटू नये अशीच वही लिहिलेली असे. वारली ज्या जंगलाचे होते, ते जंगल सरकारचे झाले होते आणि जमीन सावकाराची. आणि हे सगळे नशिबाचे भोग, कपाळावर लिहिलेले, देवाच्या मनातले, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या टिकली. ही समजूत सावकाराच्या फार सोयीची होती. मारहाणीला शिपाई लागतात, पण दैवाला फुकट राबवता येते.

23 मे 1945 रोजी झरी या गावात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात आणि आजच्या तलासरीत, सुमारे पाच हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने ती सभा बोलावली होती. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम करायचे नाही, असे तिथे ठरले. लग्नगड्यांना सोडवायला लोक स्वतःच पाड्यापाड्यांवर निघाले. त्या वर्षी गवत कापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपयांची. 10 आणि 11 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या हजारोंवर पोलिसांनी गोळीबार केला. पाचजण मेले. त्यांत जेठ्या गांगड होता.

गोदावरीबाई देव मानत नव्हत्या. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्राने ही कहाणी वाचली. श्रद्धावंतांनी इथे थोडे थांबावे असे मला वाटते. मिसरमधल्या गुलामांचा आक्रोश देवाने ऐकला, ही बायबलची मूळ कथा. फारोच्या विटा पाडणारे आणि सावकाराचे गवत कापणारे यांत मला फरक करता येत नाही. मग इथे तो आक्रोश ऐकणारे कोण होते? लाल बावटा खांद्यावर घेतलेले नास्तिक होते. देव दुःख का थांबवत नाही, असे विचारणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हे उत्तर अवघड जाईल: तो थांबवायला माणसे पाठवतो आणि आपण ती ओळखत नाही, कारण ती आपल्या देवळात येत नाहीत. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक वाट वाकडी करून गेला होता, हे आपण दरवर्षी ऐकतो.

मिशनांनाही हे लागू आहे. 1899–1900 च्या दुष्काळात वलसाडच्या ब्रेदरन मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. ती मुले जगली, ही साधी गोष्ट नाही. पण त्या काळच्या मिशनरी लिखाणात दुष्काळ म्हणजे देवाने उघडलेले दार, असाही सूर दिसतो. तो मला सोसवत नाही. पिठाच्या डब्यासाठी आलेल्या मुलाचे हाल हे कोणाच्याही योजनेतले साधन नव्हेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली आणल्या, तेव्हा त्या उपाशी पोटाची भाषा जाणत होत्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली होती. पुढे भाऊ गेला, नवरा गेला आणि त्यांच्या स्वतःच्या मृत्यूआधी काही महिने एकुलती मुलगी मनोरमाही गेली. रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही. बायबलच्या भाषांतराचे काम अखेरपर्यंत केले. यातून दुःख चांगले असते असे काही सिद्ध होत नाही. दुःखाच्या पोटात जाऊन आलेल्या बाईने दुसऱ्यांच्या दुःखाला कारण न शोधता दार उघडले, एवढेच दिसते.

तरी ती दोन वर्षांची मुलगी उरतेच. सावकार नाही, वही नाही, शिपाई नाही, आणि ती मेली. इथे माझ्याकडे बायबलमधल्या, निर्दोष असून सगळे गमावलेल्या ईयोबाशिवाय कोणी नाही. ईयोबाच्या मित्रांनी त्याला सगळी उत्तरे दिली होती: देव न्यायी आहे, तू काहीतरी केले असशील, कबूल कर. ईयोब देवाशी भांडला, जन्मदिवसाला शिव्या घातल्या, खटला मागितला. शेवटी देव बोलला, पण कारण सांगितले नाही. आणि रागावला तो मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असा त्याने निवाडा दिला. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. तक्रार हा अविश्वास नसून प्रार्थनेचा एक प्रकार आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुठे म्हटले असेल असे वाटत नाही. क्रूसावर येशूने स्तोत्रातला जो आक्रोश केला, देवाने आपल्याला का टाकले म्हणून, तोही ‘का’ होता. त्यालाही आकाशातून उत्तर आले नाही. ख्रिस्ती श्रद्धा एवढेच म्हणते, की तो प्रश्न विचारणारा स्वतः देव होता. दुःख दुरून पाहणारा देव मला मानता आला नसता. लाजराच्या थडग्यापाशी रडलेला आणि राज्यसत्तेच्या हातून मेलेला देव मानता येतो. हे स्पष्टीकरण नाही, आणि त्याला स्पष्टीकरण म्हणून विकू नये.

म्हणून डहाणू-तलासरीतल्या पाळकांकडे आणि हे तालुके ज्यात येतात त्या वसई धर्मप्रांताकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली पाण्याची. सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणासाठी आदिवासींची गावे उठली आणि ते पाणी आमच्या वसई-विरारच्या नळांना येते. डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया अजून हंडे घेऊन चालतात. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार आपल्या समुद्राचे काय होणार या धास्तीत आहे. अशा वेळी देवाची इच्छा, सोसा, असे प्रवचन कोणी देऊ नये. धर्मप्रांताने विस्थापितांच्या बाजूने कागदोपत्री उभे राहावे, वकील द्यावेत, आणि नळाचे पाणी कुठून येते हे आपल्या लोकांना देवळात सांगावे.

दुसरी मागणी 10 ऑक्टोबरची. त्या दिवशी तलासरीच्या आणि डहाणूच्या देवळांत तलवाड्याच्या पाच मृतांसाठी प्रार्थना व्हावी. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना पुढे आणणारे देव मानत नव्हते, ही हरकत येईल. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले अठराजणही येशूचे शिष्य नव्हते, आणि त्यांच्यावरचा ठपका काढायला तो थांबला. कम्युनिस्टांचा दिवस आम्ही का पाळावा, असेही कोणी विचारील. तो दिवस पक्षाच्या आधी जेठ्या गांगडचा आहे. आणि नावे वाचायची ती पाचही वाचावीत. मिळत नसतील तर पाड्यांवर जाऊन विचारावीत. तिथल्या म्हाताऱ्यांनी ती आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली असतील.