पौलाचा भाचा आणि आपले पोलीस ठाणे



प्रेषितांच्या कृत्यांच्या 23व्या अध्यायात एक मुलगा येतो. त्याचे नाव शास्त्रात नाही. तो पौलाच्या बहिणीचा मुलगा, एवढेच कळते. पौलाला ठार मारेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, अशी शपथ 40 हून अधिक माणसांनी वाहिली आहे, ही गोष्ट त्याच्या कानावर येते. तो गप्प बसत नाही. गडात जाऊन मामाला सांगतो आणि मामा त्याला सरदाराकडे पाठवतो. सरदार परका, रोमी सत्तेचा माणूस. पण तो मुलाचा हात धरून त्याला एकीकडे नेतो, ऐकून घेतो आणि हे कोणाला सांगू नकोस असे बजावतो. त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालाईत यांच्या बंदोबस्तात पौल कैसरियाकडे निघतो.

एक जण बोलला, दुसऱ्याने ऐकले आणि बोलणाऱ्याला सांभाळले. पोलीस आणि नागरिक यांच्या सहकार्याबद्दल आज जे काही सांगितले जाते, त्याचे मूळ एवढेच आहे.

आमच्या मंडळीत मात्र शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये या म्हणीला आम्ही पोलीस ठाण्याचीही पायरी जोडून टाकली आहे. बेळगावसारख्या सीमाभागात भाषेचीही अडचण असते. कागद कन्नडमध्ये, बोलणे मराठीत. संख्येने थोडे असल्याची धास्ती वेगळीच. म्हणून नाताळच्या मिरवणुकीची परवानगी आणि लाऊडस्पीकर एवढ्यापुरतेच आम्ही ठाण्यात जातो. गणेशोत्सव, ईद यांच्या आधी शांतता समितीची बैठक बोलावली जाते तेव्हा, हा आपला विषय नाही, असे म्हणतो. आमच्या मते तो आपलाच विषय आहे.

भिवंडीचे उदाहरण पाहा. यंत्रमागाचे हे गाव 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळले होते. 1988 मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि वस्तीचा पोलीस एकत्र बसू लागले. रोजच्या कुरबुरींवर बोलू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ती शांतता त्या दोन महिन्यांत तयार झालेली नव्हती. ती आधीच्या चार वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांत तयार झाली होती.

मुंबईनेही पुढे तोच धडा घेतला. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी 1994 मध्ये तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली. रिबेरो आपल्याच श्रद्धेचे, मूळ गोव्याचे. ख्रिस्ती माणसाने दोन मोठ्या समाजांच्या भांडणात कशाला पडावे, असा विचार त्यांनी केला नाही.

यावर एक प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. पोलीसच अन्याय करतील तर? जून 2020 मध्ये तमिळनाडूतील साथानकुलम येथे आपल्याच धर्मातील बापलेकांना पोलिसांनी कोठडीत मारहाण केली आणि दोघेही दगावले. तेव्हा पोलिसांबरोबर वावरणाऱ्या स्वयंसेवकांवरही बोट दाखवले गेले आणि 1993 मध्ये त्याच राज्यात सुरू झालेल्या 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' या चळवळीवर सरकारने बंदी घातली. सहकार्य म्हणजे हाजी हाजी नव्हे, हे यातून आपण शिकायचे. नागरिकाने पोलिसाचा कान व्हावे, काठी होऊ नये. आणि जो बैठकीत रोज समोर बसतो, त्यालाच चूक तोंडावर सांगता येते.

दुसरा धोका आपल्या मनात आहे. सुरक्षा म्हटले की आपण भाडेकरू, फेरीवाला, बांधकामावरचा परगावचा मजूर यांच्याकडेच संशयाने पाहतो. पौलाच्या भाच्याने ऐकलेला कट सांगितला. कोणाचा चेहरा आवडला नाही म्हणून नाव दिले नाही. समितीत बसणाऱ्याने संशयिताच्या बाजूनेही साक्ष द्यायची तयारी ठेवावी. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ लागली तर तिथे आपला आवाज निघालाच पाहिजे.

म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक पॅरिशने दोन माणसे, त्यात एक भगिनी, शांतता समितीच्या बैठकीला नेमाने पाठवावीत. आपल्या बीटच्या पोलिसाचे नाव आणि फोन नंबर सूचनाफलकावर असावा. 112 हा नंबर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची आहे आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची आहे. साक्षीदाराच्या चौकशीसाठी स्त्रियांना आणि 60 वर्षांवरील पुरुषांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. हे उपासनेनंतर पाच मिनिटांत सांगता येईल.

नहेम्याच्या लोकांनी प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. नगराचे खरे रक्षण परमेश्वर करतो, हे स्तोत्रकर्ता 127 व्या स्तोत्रात सांगतो. पण तो पहारेकऱ्याला घरी जाऊन झोप असे म्हणत नाही.

हे प्रभू, आमच्या गल्लीत रात्री फिरणाऱ्या पोलिसाला सांभाळ. त्याला न्यायाने वागण्याची आणि दुर्बलांचे ऐकून घेण्याची बुद्धी दे. आम्हाला वेळेवर बोलण्याचे धैर्य दे. आमेन.