सतरावा घटक

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 एप्रिल 2023 रोजी 2600 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. हिंगोलीकर बोलतात ते जमिनीबद्दल, रस्त्यांबद्दल आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांबद्दल. आपल्या, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या, वाट्याला येतील ते तिथून निघणारे आकडे.

14 सप्टेंबर 2015 चा गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत घ्या. नुसत्या गोंगाटातून योगायोगाने असा संकेत 2,03,000 वर्षांत एकदासुद्धा उमटणार नाही, असे शास्त्रज्ञ म्हणाले. हे काढले कसे? लायगोच्या दोन डिटेक्टरांच्या नोंदी एकमेकींपासून वेळेत सरकवल्या, त्यातून खोट्या जुळण्यांचा ढीग तयार केला आणि खरा संकेत त्यात कितवा येतो ते पाहिले. एकही खोटी जुळणी त्याच्या वर निघाली नाही. थोडक्यात, सगळा डोलारा क्रमवारीवर उभा आहे.

आणि सॉर्ट म्हणजे तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट, असे आपण धरून चालतो.

जीसीसी कंपायलरबरोबर येणाऱ्या लायब्ररीतले सी प्लस प्लसचे सॉर्ट पाहा. त्याला तुलनेसाठी ‘लहान’ऐवजी चुकून ‘लहान किंवा समान’ दिले, आणि यादीत सोळा सारखेच आकडे असले, तर सगळे सुरळीत चालते. इतक्या छोट्या यादीला साधे इन्सर्शन सॉर्ट पुरते. सतरावा घटक आला की विभागणी सुरू होते. पिव्हटपेक्षा मोठा आकडा भेटेपर्यंत पॉइंटर पुढे सरकतो, आणि वेग राखण्यासाठी त्या लूपमध्ये हद्दीची तपासणी ठेवलेलीच नाही. सगळेच समान असल्याने तो थांबत नाही. यादी संपते, पॉइंटर चालतच राहतो. पुढे असते वेक्टरने आगाऊ राखलेली, पण कधीच न भरलेली मेमरी. तिथे मोठा कचरा असला तर पॉइंटर थांबतो आणि प्रोग्राम निर्धास्त पुढे जातो. नसला तर कोसळतो. तुमच्या लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर क्रॅश, याचे मूळ अनेकदा इथे सापडते. कोसळला तर नशीब म्हणायचे. न कोसळता बाहेरचा आकडा आत शिरला, तर ताकास तूर लागत नाही.

ग्लिबसी या सी लायब्ररीतल्या क्यूसॉर्टची गोष्ट याच जातीची. पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी 2024 मध्ये दाखवून दिले, की 1992 पासूनच्या आवृत्त्यांत मॅलॉक अपयशी ठरला आणि तुलनेचे फंक्शन विसंगत असले, तर क्यूसॉर्ट ॲरेच्या बाहेर वाचते आणि लिहितेही. विसंगत फंक्शन म्हणजे कोणते? आपण सर्रास लिहितो तेच, एकातून दुसरा वजा करून उत्तर परत करणारे. 32 बिटांची मर्यादा सुमारे 214 कोटी. दोनशे कोटींतून उणे दोनशे कोटी वजा केले की चिन्हच उलटते.

ग्लिबसीवाल्यांचा युक्तिवाद असा, की फंक्शन नियम पाळत नसेल तर मानकानुसार वर्तन अनिश्चित, दोष बोलावणाऱ्याचा. कायद्याने बरोबर. पण बत्तीस वर्षे जगभरचा कोड ज्याच्या भरवशावर बसला, त्याने एवढ्यावर हात झटकावेत हे आम्हाला पटत नाही. चुकीच्या तुलनेला चुकीचा क्रम मिळावा, परक्या मेमरीचा दरवाजा नव्हे. रस्ट भाषेची भूमिका हीच आहे: 1.81 आवृत्तीपासून विसंगती ध्यानात आली तर पॅनिक होऊ शकतो, मेमरीची हद्द मात्र मोडत नाही. ग्लिबसीनेही शेवटी क्यूसॉर्ट सुधारलेच.

आता पुन्हा लायगोकडे. तिच्या खुल्या विदेत, जिथे नोंदच नाही तिथे, ‘नॅन’ भरलेले असते. नॅन कोणाहून लहान नाही, मोठा नाही, स्वतःशी समानही नाही. नमपाय त्याला गुमान शेवटी नेऊन ठेवते. पायथनचे साधे सॉर्ट क्रम बिघडवते आणि तोंडातून अक्षर काढत नाही. सी प्लस प्लसच्या सॉर्टला तो दिला की पुन्हा तेच ‘अनिश्चित वर्तन’. औंढ्याच्या डिटेक्टरची विदा अजून यायची आहे. तिच्यासाठी कोड लिहू पाहणाऱ्या नांदेड-हिंगोलीच्या मुलांनी चाचणीच्या यादीत सतरापेक्षा जास्त समान आकडे आणि मध्येच दोन-चार नॅन घालून पाहावेत. डीबग मोड लावला तर लायब्ररी पहिल्या घटकाची स्वतःशीच तुलना करून बघते. ‘लहान किंवा समान’ तिथेच पकडले जाते. व्हॅलग्राइंडची, न भरलेल्या मूल्यावर निर्णय घेतल्याची तक्रार आली, तर ती दाबून टाकण्याआधी तुलनेचे फंक्शन उघडा.