उशिराचा भूगोल

एखाद्या मुलखाचा राज्यकारभार कसा चालला आहे हे अजमावण्यासाठी तेथील रस्ते, शाळा आणि न्यायकचेऱ्या पाहण्याचा प्रघात जुना आहे. लोकारोग्याच्या प्रश्नांचा या स्तंभातून विचार करीत असताना माझी अशी धारणा होत गेली आहे की, या पाहणीत तेथील कर्करोगाच्या नोंदवहीचाही समावेश व्हावयास हवा; आणि त्या नोंदवहीतही ज्या रकान्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, तो रोगनिदानाच्या वेळची अवस्था सांगणारा रकाना सर्वांत आधी वाचावयास हवा. किती माणसांना रोग झाला, या आकड्यात आहार, वय, व्यसने, आनुवंशिकता अशा नाना गोष्टी मिसळलेल्या असतात. तो किती उशिरा ओळखला गेला, या आकड्यात मात्र दवाखान्याचे अंतर, डॉक्टरांची फी, विम्याचा आधार आणि सरकारी तिजोरीतून झालेली किंवा न झालेली तरतूद यांचेच प्रतिबिंब मुख्यतः पडते. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाने याचा जितका स्वच्छ दाखला दिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या रोगाने दिला असेल. आणि तो पाहण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळणे उचित, कारण अत्यंत प्रगत वैद्यक आणि त्याच वैद्यकापासून वंचित राहिलेले विस्तीर्ण प्रदेश तेथे एकाच अंमलाखाली नांदतात.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या रिबेका सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा तीन प्रदेश त्यावर ठळकपणे उठून दिसले. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातील ९४ काउंट्यांत २००९ ते २०११ या काळातील मृत्युदर उर्वरित देशाहून ४० टक्क्यांनी अधिक होता. ॲपलाचियन पर्वतराजीच्या पश्चिम-मध्य भागातील १०७ काउंट्यांत तो १८ टक्क्यांनी, तर व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या पूर्वेकडील ३७ काउंट्यांत ९ टक्क्यांनी अधिक होता. कापसाच्या मळ्यांचा आणि गुलामगिरीच्या वारशाचा पहिला प्रदेश, कोळशाच्या खाणी बंद पडत गेलेला दुसरा. दोन्हींचे दारिद्र्य अमेरिकेत सर्वश्रुत आहे, आणि म्हणून हा नकाशा पाहून एखाद्यास असे वाटणे स्वाभाविक आहे की, येथील रक्तातच किंवा मातीतच काही दोष असला पाहिजे.

परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा या समजुतीला आधार ठेवीत नाही. १९७० ते १९७२ या काळात मिसिसिपीच्या त्याच खोऱ्यातील मृत्युदर उर्वरित देशापेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता! त्या काळी हा रोग ईशान्येकडील सधन, नागर, मांसाहारसंपन्न राज्यांचा मानला जाई. पुढील चार दशकांत ईशान्येकडे दर झपाट्याने उतरत गेले आणि दक्षिणेतील या खोऱ्यात तसे घडले नाही, एवढ्यानेच नकाशा उलटापालटा झाला. चार दशकांत माणसांचे रक्त बदलत नाही, मातीही बदलत नाही. आहार, स्थूलता आणि तंबाखू यांचा वाटा या उलथापालथीत आहेच, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल; तथापि ईशान्येतील माणसांनी या अवधीत काही ऋषिमुनींचा आहार स्वीकारला नव्हता. त्यांच्या वाट्याला आली ती वेळेवर होणारी तपासणी आणि निदानानंतर तत्काळ मिळणारे उपचार, आणि हीच दोन्ही दक्षिणेकडे तेवढ्या तत्परतेने पोहोचली नाहीत.

या रोगाची चाल समजून घेतली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आतड्याच्या अस्तरावर प्रथम एक निरुपद्रवी गाठ, ज्याला वैद्यक पॉलिप म्हणते, उगवते; तिचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. इतका दीर्घ अवसर देणारे कर्करोग फार थोडे. या अवधीत दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, ती गाठ दिसली तर त्याच बैठकीत काढून टाकता येते आणि रोग जन्मालाच येत नाही. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर १०० पैकी सुमारे ९० रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेला असेल तर ही संख्या ७० च्या घरात येते. आणि यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचल्यावर ती १५ च्या आसपास घसरते. मृत्यूचा नकाशा हा पुष्कळ अंशी उशिराचाच नकाशा असतो, असे मी म्हणतो ते या कारणास्तव.

येथे एका गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे, कारण तिच्या अभावी सरकारी अहवालांतून पुष्कळ फसगत होते. एखाद्या प्रांतात उशिरा सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण साठ टक्क्यांवरून चाळीसवर आले, असे अंमलदार मोठ्या समाधानाने जाहीर करतात. पण तपासणीमुळे आरंभावस्थेतील रुग्ण मोठ्या संख्येने नोंदले जाऊ लागले, तर उशिरा आलेल्यांची प्रत्यक्ष संख्या तसूभरही न घटता त्यांचे शेकडा प्रमाण आपोआप खाली येते. म्हणून एकूण रुग्णांपैकी किती उशिरा आले, एवढ्याने भागत नाही. दर लाख लोकसंख्येमागे किती माणसे प्रगत अवस्थेत सापडली आणि किती दगावली, हेही विचारावे लागते. ज्या प्रांतात हे तिन्ही आकडे एकत्र उतरतात तेथेच खरे काम झाले असे समजावे.

मिसिसिपीच्या खोऱ्यातील उशीर कसा घडतो हे पाहू. तेथील ग्रामीण काउंट्यांत पोटविकारांचा तज्ज्ञ जवळपास नसतो. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी रेचक घेऊन, रोजंदारी बुडवून, शुद्धीवर आल्यानंतर घरी नेणारा माणूस बरोबर घेऊन, पन्नास-शंभर मैलांवरील शहर गाठावे लागते, आणि जेथे सार्वजनिक वाहन नाही तेथे स्वतःची मोटार नसणे हीच एक व्याधी ठरते. विष्ठेतील अदृश्य रक्त शोधण्याची चाचणी घरच्या घरी करता येते आणि स्वस्तही असते. परंतु तिचा निष्कर्ष प्रतिकूल आला की पुढे कोलोनोस्कोपी अटळ असते, आणि त्या दोहोंमध्ये दहा महिन्यांहून अधिक काळ गेल्यास रोग प्रगत अवस्थेत सापडण्याची शक्यता वाढते, असे कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासाने २०१७ साली दाखवून दिले आहे. गोरगरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या सरकारी योजनेचा विस्तार करण्याची मुभा केंद्रीय कायद्याने २०१४ पासून राज्यांना दिली असता, मिसिसिपी राज्याने ती स्वीकारली नाही. हे ज्या भूमीत घडले, तिथेच माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसविलेल्या गावी १९६० नंतरच्या दशकात डॉ. जॅक गायगर यांनी सार्वजनिक आरोग्यकेंद्र काढले होते आणि कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देण्याचा धडा साऱ्या देशाला घालून दिला होता, हे स्मरले म्हणजे मन विषण्ण होते.

आता याच देशातील दुसरे चित्र पाहावे. डेलावेअर हे अवघ्या तीन काउंट्यांचे छोटे राज्य. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कर्करोगाचे मृत्यू देशाच्या सरासरीहून अधिक होते, आणि गव्हर्नर रूथ ॲन मिनर यांच्या कारकिर्दीत तेथे डॉक्टर, नागरिक आणि अधिकारी यांचे एक मंडळ नेमण्यात आले. मंडळे नेमणे ही राज्यकर्त्यांना नेहमीच सुलभ वाटणारी गोष्ट आहे. डेलावेअरचे वैशिष्ट्य असे की, या मंडळाच्या शिफारशींवर पैसा खर्च झाला. ज्यांना विमा नाही त्यांच्या कोलोनोस्कोपीचा खर्च राज्याने उचलला. राज्यातील पाचही मोठ्या रुग्णालयांत परिचारिका नेमल्या गेल्या, ज्यांचे काम माणसांना शोधणे, त्यांची भीती ऐकून घेणे, तारीख ठरवणे, वाहनाची तजवीज करणे आणि तपासणी पार पडेपर्यंत पाठपुरावा न सोडणे एवढेच होते. चर्चमधून आणि वस्त्यांतून कृष्णवर्णीय समाजापर्यंत मुद्दाम जाण्यात आले. आणि मला जी सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, तपासणीत रोग निघाल्यास विमा नसलेल्या रुग्णाच्या उपचारांची दोन वर्षांपर्यंतची हमी राज्याने घेतली, व तिची उत्पन्नमर्यादा दरिद्री माणसांबरोबर मध्यमवर्गीयही सामावतील इतकी उंच ठेवली. ज्याला रोग निघाल्यास घर विकावे लागणार हे ठाऊक आहे, तो माणूस तपासणीस का येत नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला या हमीनंतरच प्राप्त होतो.

त्याचे फळ आकड्यांत मांडता येते. २००२ साली डेलावेअरमधील पन्नाशी ओलांडलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची तपासणी झालेली होती. २००९ साली ती ७४ टक्के झाली, म्हणजे नेमकी साऱ्या राज्याच्या सरासरीइतकी. त्यांच्यातील ज्या रुग्णांचा रोग निदानाच्या वेळीच आतड्याबाहेर पसरलेला असे, त्यांचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० वर आले. हे नुसते शेकडा प्रमाणाचे मृगजळ नव्हते, कारण त्याच काळात लाखामागे रोगाचा दर ६६.९ वरून ४४.३ वर आणि मृत्युदर ३१.२ वरून १८ वर उतरला. गौरवर्णीयांचा मृत्युदर १९.५ वरून १६.९ झाला होता. पिढ्यान्‌पिढ्यांची मानली गेलेली दरी आठ वर्षांत जवळजवळ बुजली. या कामी दरसाल सुमारे १० लाख डॉलर खर्च होत असत, आणि रोग कमी झाल्यामुळे व लवकर सापडल्यामुळे उपचारांवरील सुमारे ८५ लाख डॉलर दरसाल वाचले, असा हिशेब डॉ. स्टीफन ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडला. हे वाचून जो केवळ जमाखर्चाच्या भाषेत विचार करतो त्याचेही समाधान व्हावे. मला तो हिशेब दुय्यम वाटतो, कारण वाचलेली माणसे ही वाचलेल्या पैशाचे निमित्त नव्हेत.

डेलावेअर लहान आहे, तेथे जे साधले ते विस्तीर्ण प्रदेशात कसे साधावे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु उत्तर कॅलिफोर्नियातील कायझर परमनेन्टे या मोठ्या आरोग्यसंस्थेने आपल्या लक्षावधी सभासदांना विष्ठेच्या चाचणीचे साहित्य दरवर्षी टपालाने घरपोच पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा २००० साली ३९ टक्के असलेले तपासणीचे प्रमाण २०१५ पर्यंत ८३ टक्क्यांच्या जवळ गेले आणि या रोगाचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ते सभासद विमाधारक होते, ही गोष्ट अर्थातच विसरता येत नाही. अलास्कातील मूलवासी समाजात, जिथे हा रोग जगातील अत्यंत उच्च प्रमाणात आढळतो आणि जिथल्या कित्येक खेड्यांना रस्ताच नाही, तेथे तज्ज्ञ आणि उपकरणे विमानाने गावोगावच्या केंद्रांत नेण्यात आली. याउलट केंटकी राज्याने २००८ साली गरिबांच्या तपासणीचा कायदा मंजूर केला आणि पुढील काही वर्षे त्यासाठी एक डॉलरही मंजूर केला नाही. प्रदेशाच्या विस्तारापेक्षा निश्चयाचा प्रश्न मोठा आहे, हे या उदाहरणांवरून मला दिसते.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे आणि ती अमेरिकेच्या मापाने मोजणे चुकीचे होईल. भारतात या रोगाचा दर पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचाच अंतर्भाव आहे, आणि मर्यादित निधी लक्षात घेता तो क्रम मला योग्यच वाटतो. सरसकट सर्वांची कोलोनोस्कोपी करण्याची मागणी मी करणार नाही. मात्र उशीर कमी करण्याचा एक मार्ग याच महाराष्ट्राने सोलापूर जिल्ह्यात स्वतः दाखवून दिलेला आहे. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिचे कार्यकर्ते रुग्णालयात नोंदवही उघडून बसले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगत राहिले, संशयित रुग्णांना रुग्णालयापर्यंत आणीत राहिले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. त्या वेळी तेथे कोणतेही महाग यंत्र आणलेले नव्हते.

आतड्याच्या कर्करोगापुरते बोलावयाचे तर आपल्या रुग्णांचे एक वैशिष्ट्य टाटा स्मारक रुग्णालयाच्या नोंदींतून पुढे आलेले आहे: पाश्चात्त्यांच्या तुलनेने ते वयाने लहान असतात, आणि त्यांच्यात गुदाशयाच्या रोगाचा वाटा मोठा असतो. शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे माणूस त्यास मूळव्याध समजतो. लाजेने घरात बोलत नाही, बोलला तर जडीबुटीवाल्याकडे किंवा मूळव्याधीच्या पाट्या लावलेल्या दुकानात जातो, आणि पुष्कळदा शिकलेला डॉक्टरही त्याला न तपासताच मलम व चूर्ण लिहून देतो. अशा रीतीने जे महिने जातात त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. वास्तविक गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागू शकते, आणि त्या तपासणीस दोन मिनिटे पुरतात. शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची ही तपासणी औषध देण्यापूर्वी झालीच पाहिजे, असा हुकूम आरोग्यखात्याने प्राथमिक आरोग्यकेंद्रांना काढावा. तीत संशय आलेल्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी मिळावी. आणि अखेरीस रोग ठरला तर तो कोणत्या अवस्थेत ठरला, हे रुग्णाच्या तालुक्याच्या नावासह नोंदले जावे.