कॉन्स्टंटाइनचा गुन्हा काय होता?

'कॉन्स्टंटाइन' (2005) हा फसलेला चित्रपट आहे असं म्हटलं की दोन प्रकारचे लोक अंगावर येतात. पहिले म्हणतात, "अरे, पण टिल्डा स्विन्टन!" दुसरे म्हणतात, "कॉमिक विसर, स्वतंत्र चित्रपट म्हणून बघ." पहिल्यांशी माझं भांडण नाही. स्विन्टनचा थंडगार गॅब्रिएल आणि शेवटी पांढऱ्या सुटात, डांबर गळणाऱ्या अनवाणी पायांनी उतरणारा पीटर स्टॉर्मरचा सैतान, दोघंही झकास. दुसऱ्यांशी मात्र आहे.

(चित्रपट पाहायचा राहिला असेल तर इथेच थांबा. पुढे सगळं फोडणार आहे.)

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. मूळ जॉन कॉन्स्टंटाइन सोनेरी केसांचा, स्टिंग या गायकाच्या चेहऱ्यावरून बेतलेला, लिव्हरपूलचा इंग्रज. चित्रपटात तो काळ्या केसांचा कियानू रीव्ह्ज झाला आणि लॉस एंजेलिसला राहायला गेला. यावरून चाहत्यांनी भरपूर आदळआपट केली. करू देत. केस रंगवता येतात, पत्ता बदलता येतो. मला खुपतं ते वेगळंच.

अ‍ॅलन मूरच्या 'स्वॅम्प थिंग'मध्ये 1985 साली हा प्राणी पहिल्यांदा उगवला. 1988 पासून त्याचं स्वतःचं मासिक निघालं, 'हेलब्लेझर'. ते 2013 पर्यंत चाललं, 300 अंक. पहिला लेखक जेमी डेलॅनो. तिसऱ्याच अंकात 1987 च्या निवडणुकीच्या रात्री, थॅचरबाई तिसऱ्यांदा जिंकत असताना, सुटाबुटातले राक्षस शेअरबाजारासारखी आत्म्यांची खरेदी-विक्री करताना दिसतात. म्हणजे नरक कुठे खाली वगैरे नव्हता, रस्त्यापलीकडेच होता.

आणि कॉन्स्टंटाइन? नारायण धारपांचे 'समर्थ' वाचत वाढलेल्या माझ्यासारख्याला तो धक्काच होता. समर्थ आले की वाचक निर्धास्त व्हायचा. कॉन्स्टंटाइन आला की त्याच्या मित्रांनी गाव सोडून पळावं! पहिल्या दोन अंकांतच भुकेच्या एका राक्षसाला कोंडायला तो गॅरी लेस्टर नावाच्या व्यसनी मित्राचा बळी देतो. त्याआधी, 1978 साली, न्यूकॅसलमध्ये अस्त्रा नावाच्या लहान मुलीला वाचवायला म्हणून त्यानं स्वतःच्या हुशारीवर भरवसा ठेवून एक राक्षस बोलावला. राक्षस आवरला नाही. मुलगी नरकात ओढली गेली. त्याचं नरकात जाणं ठरलंय ते या हिशेबावर. खाती दुसऱ्यांची, सही त्याची.

चित्रपटात त्याचा गुन्हा काय? पोरवयात भयानक गोष्टी दिसायच्या म्हणून त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला, दोन मिनिटं मेला आणि परत आला. आत्महत्या हे पाप, म्हणून नरक नक्की. अहो, हा गुन्हा आहे का? हा तर अन्याय आहे! सोसणारा तोच आणि शिक्षाही त्यालाच. एका फटक्यात गुन्हेगाराचा बिचारा करून टाकला. आता प्रेक्षकानं त्याच्याबद्दल फक्त हळहळायचं.

बाकी सगळी पडझड इथूनच सुरू होते. फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट चित्रपटानं गार्थ एनिसच्या 1991 च्या 'डेंजरस हॅबिट्स'मधून उचलली आहे. तिथे मरायला टेकलेला कॉन्स्टंटाइन आयर्लंडला जुन्या मित्राकडे जातो. मित्रानं आपला आत्मा सैतानाला विकलेला. सैतान वसुलीला येतो, तर कॉन्स्टंटाइन त्याला बीअर पाजतो. ती बीअर म्हणजे जादूनं बदललेलं पवित्र पाणी, आणि ते पोटात गेल्यावर पुन्हा पाणी होतं. वसुलीची वेळ टळते, सैतान खवळतो. मग हा पठ्ठ्या आपला आत्मा नरकाच्या आणखी दोन मालकांना गुपचूप विकतो. तो मेला तर एका आत्म्यावरून तिघांत युद्ध पेटणार. म्हणून तिघं शत्रू दातओठ खात त्याला बरं करतात. प्रार्थना नाही, पश्चात्ताप नाही, निव्वळ लबाडी. आणि रुग्णालयात ओळख झालेला म्हातारा मॅट मात्र त्याच रोगानं मरतो, हे एनिस विसरू देत नाही.

चित्रपटानं यातून मनगट कापणं ठेवलं, सैतानाला मधलं बोट दाखवणं ठेवलं आणि डाव काढून टाकला. त्याजागी काय? कॉन्स्टंटाइन स्वतःसाठी काही न मागता इझाबेलच्या आत्म्याची सुटका मागतो. त्यागाबद्दल स्वर्ग मिळतो आणि तो हातचा जाऊ नये म्हणून सैतान स्वतः त्याच्या फुप्फुसातली घाण उपसतो. काहीजण म्हणतात, हाही त्याचा डावच होता. असेल. मग तो देवाला कळला नाही होय?

बरं, कॉमिक विसरून पाहू. उरतं काय? देव-सैतानाची पैज, तिचे नियम, अर्धे देवदूत, अर्धे राक्षस, एक भाला, सैतानाचं एक पोरगं, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी कुणाला तरी हे समजावून सांगतंय. शेवटी क्रुसाच्या आकाराची बंदूक. ज्या पवित्र पाण्यातून एनिसनं अख्खा विनोद काढला, ते इथे आग विझवायच्या फवाऱ्यांतून राक्षसांवर शिंपडलंय. भीती वाटण्यासारखं काही घडायच्या आत नियमावलीचं पुढचं पान उलटतं.

2014 साली मॅट रायनला घेऊन मालिका आली. केस सोनेरी, उच्चार इंग्रजी, कोटसुद्धा बरोबर. तेरा भागांत संपली. 2022 साली रीव्ह्जला आणि दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सला घेऊनच दुसरा भाग काढायची घोषणा झाली. तो बघायला मी जाईनच, स्वभावाला औषध नाही.

पण पहिल्या भागातला चॅझ आठवतो आणि पुन्हा डोकं फिरतं. कॉमिकमधला चॅझ हा लंडनचा टॅक्सीवाला, संसारी माणूस, ज्याच्या बायकोला जॉन दारात उभा राहिलेला खपत नाही. चित्रपटात तो शिकाऊ पोरगा, मरण्यापुरता. कॉमिकमध्ये जॉनमुळे मेलेले मित्र भुतं होऊन त्याच्या भोवती उभे राहतात आणि बघत राहतात. चित्रपटात श्रेयनामावली संपल्यावर चॅझ आपल्याच थडग्यापाशी पंख फुटून प्रकट होतो आणि भुर्रकन वर उडून जातो.