मेणबत्ती जाळून पाहिली पाहिजे

दिवाळीच्या आधी महिनाभर गावोगावच्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत बचत गटांची व घरगुती उद्योजिकांची जी प्रदर्शने भरतात, त्यांत सोयामेणाच्या सुगंधी मेणबत्त्यांचे एक तरी टेबल असतेच. आणि ज्यांनी ते सलग काही वर्षे लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांच्या ध्यानात आले असेल की टेबल कायम राहते, परंतु त्यामागे उभी असलेली व्यक्ती बहुधा दरसाल नवी असते. एका दिवसाच्या शिबिरात विद्या घेऊन आणि घरातले थोडेबहुत भांडवल घालून ज्यांनी हा धंदा आरंभला, त्यांतील पुष्कळजणी पहिल्याच हंगामातील तक्रारींनी खचून तो सोडून देतात व दोष मेणाला, हवामानाला किंवा नशिबाला लावतात. माझ्या मते हा दोष आपल्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आपण मेण ओतायला शिकवतो. ओतलेली मेणबत्ती अखेरपर्यंत जाळून पाहायला शिकवत नाही.

सोयामेण हा जिन्नस मुळात खाद्यतेलाच्या घराण्यातला आहे. द्रव तेलात हायड्रोजन मिळवून त्याला घट्ट करण्याच्या ज्या रीतीच्या पेटंटसाठी विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली अर्ज दाखल केला, त्याच रीतीतून आपल्याकडचे वनस्पती तूप निघाले. आणि त्याच रीतीने घट्ट केलेल्या सोयाबीन तेलाची मेणबत्ती अमेरिकेतील आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रचारात आणली. हे कूळ ध्यानात घेतले म्हणजे सर्वांत वारंवार ऐकू येणाऱ्या तक्रारीचा उलगडा होतो. मेणबत्तीच्या पृष्ठभागावर चार-आठ दिवसांत पांढुरकी बुरशीसारखी जी साय धरते, जिला या धंद्यातील लोक फ्रॉस्टिंग म्हणतात, ती बुरशी नव्हे आणि भेसळही नव्हे. डब्यातले तूप थंडीत रवाळ होते त्याच जातीचे ते स्फटिकीभवन आहे, आणि त्यामुळे ज्वलनात यत्किंचितही न्यून येत नाही. काचेचा ग्लास किंचित कोमट करून घेतला, ओतल्यावर पंख्याखाली न ठेवता माल सावकाश निवू दिला, तर हा प्रकार पुष्कळ कमी होतो; काचेपासून मेण सुटून ओलसर डाग दिसतात तेही याच उपायाने आटोक्यात येतात. तरीही गडद रंगावर ही साय उठून दिसतेच, म्हणून नवशिक्या कारागिराने आरंभी रंगाच्या वाटेला जाऊच नये.

परंतु दिसण्यातील दोषापेक्षा जळण्यातील दोष अधिक गंभीर, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा मेणात नसून वातीत असते. वात ही केशाकर्षणाने वितळलेले मेण ज्योतीपर्यंत पोचवते. ती बारीक असली तर ज्योत क्षीण राहून मध्ये खड्डा पडतो व कडेचे मेण तसेच शिल्लक राहते, आणि जाड असली तर टोकाशी काजळीची बोंडी धरते, धूर होतो आणि काच इतकी तापते की तडकण्याचे भय उत्पन्न होते. सात सेंटिमीटर व्यासाचा ग्लास घ्यावा, मेण व सुगंध कायम ठेवून तीन निरनिराळ्या जाडीच्या वाती लावाव्यात, वारा न लागेल अशा जागी तिन्ही एकाच वेळी पेटवाव्यात, आणि तीन तासांनी पट्टी लावून पाहावे: वितळलेल्या मेणाचे तळे कडेपर्यंत पोचले आहे काय, त्याची खोली सुमारे एक सेंटिमीटर आहे काय, काचेवर काळा पट्टा उमटला आहे काय. मग विझवून, पूर्ण निवू देऊन, वात पाच-सहा मिलिमीटर राखून कातरून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा आणि प्रत्येक वेळेचा तपशील वहीत तारीखवार मांडावा. मोगऱ्याच्या तेलाला जी वात लागू पडली ती चंदनाच्या तेलाला लागू पडेलच असे नाही, कारण प्रत्येक तेल मेणाचा दाटपणा निराळ्या रीतीने बदलते; सबब नवा सुगंध घेतला की हे परीक्षण पहिल्यापासून करणे प्राप्त आहे. सोयामेणाला काजळीच धरत नाही, असे जे विक्रेते छातीठोकपणे सांगतात त्यांच्याविषयी मला खेद वाटतो. वात लांब ठेवली तर कोणतेही मेण काजळी धरते, आणि असत्य आश्वासनावर मिळवलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

सुगंध येत नाही, ही दुसरी मोठी तक्रार. तेल चमच्याने न घालता तोलून घालावे. साधारणतः मेणाच्या वजनाच्या सहा ते दहा टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला आठ टक्क्यांच्या हिशेबाने चाळीस ग्रॅम. मेण ८५ अंश सेल्सियसच्या आसपास असताना ते मिसळून दोन मिनिटे संथपणे ढवळावे. एवढे केल्यावरही मेणबत्ती मुरायला हवी, आणि सोयामेण या बाबतीत पॅराफिनपेक्षा अधिक सबुरी मागते. दोन आठवडे तरी झाकून ठेवल्यावाचून त्याचा खरा दरवळ कळत नाही. दिवाळीचा माल दसऱ्याच्या आत ओतून झाला पाहिजे तो याचसाठी, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात आलेली मोठी मागणी नम्रपणे नाकारण्याचे धैर्य याच कारणास्तव अंगी बाणवले पाहिजे.

आपल्या हवामानाची गोष्ट मात्र परदेशी पुस्तकांत सापडत नाही. ग्लासात ओतण्याचे सोयामेण पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या सुमारास वितळते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच्या हवेचाच पारा पंचेचाळिसाला टेकतो, मग बंद मालमोटारीतील खोक्यांची अवस्था काय होत असेल! अशा दिवसांत दूरच्या मागण्या घेऊ नयेत, अथवा अधिक तापमानाला वितळणारे मिश्रण वापरून तशी अट आधीच लेखी कळवावी.

मेण थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवावे, आणि कधी पेट घेतलाच तर पाणी न ओतता आच बंद करून वर झाकण घालावे. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते.

आता विक्रीचे. मेणबत्ती हा १९६७ पासून लघुउद्योगांसाठी राखीव ठेवण्यास आरंभ झालेल्या वस्तूंच्या यादीतील जिन्नस होता आणि २०१५ मध्ये ती यादी संपुष्टात येईपर्यंत तीत टिकून होता. आज ते संरक्षण उरलेले नाही, त्यामुळे कारखान्याच्या भावाशी भाव लावणे घरगुती कारागिराला परवडणारे नाही. किंमत ठरवताना मेण, काच, वात यांबरोबर स्वतःच्या वेळेची मजुरी, कुरियरमधील फूटतूट आणि परीक्षणासाठी जाळलेल्या मेणबत्त्या यांचाही खर्च जमेस धरलाच पाहिजे. वैध मापन शास्त्राचे आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम पाळून उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा. आणि ग्लास २०० मिलिलीटरचा आहे म्हणून वजन २०० ग्रॅम लिहू नये, कारण सोयामेण पाण्याहून हलके असते व ग्लास काठोकाठ भरतही नाहीत.

प्रशिक्षणाची योजना आखणाऱ्या सरकारी खात्यांकडे आणि संस्थांकडे माझी मागणी एवढीच आहे की एका दिवसाचे शिबिर त्यांनी दोन दिवसांचे करावे, आणि हे दोन दिवस लागोपाठ न ठेवता त्यांत दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. पहिल्या दिवशी मेण ओतावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने स्वतःची मुरलेली मेणबत्ती आणून सर्वांसमक्ष पेटवावी, मोजावी व वही लिहायला आरंभ करावा, आणि ती वही किमान एका मेणबत्तीच्या अखेरपर्यंत भरल्यावरच कर्जाचा अर्ज पुढे पाठवावा.